गोधडीखालचं ग्राफिक्स कार्ड

"बाई, आवाज फारच होत असेल तर वरून एखादं जाड काहीतरी टाका," असं मी भोरबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या एका हातात वडापाव होता, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि फोन खांदा नि कान यांच्यामध्ये दाबून धरलेला होता. कॉम्प्युटर दुरुस्तीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं असलं वाक्य तोंडातून काढू नये. पण मी काढलं. समोरचं माणूस अडचणीत आहे म्हटलं की काहीतरी उपाय सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उपाय बरोबर आहे का, हा विचार नेहमी फोन ठेवल्यावर येतो. त्या दिवशी तोही आला नाही. मी वडापाव संपवला.

मी मूळचा किनवटच्या पलीकडचा. नववी अर्धी झाली आणि शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात क्रेट उचलायला नारायणगावला आलो. एका गाळ्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला होता, तो दुरुस्त करायला गावातल्या कॉम्प्युटर दुकानाचे मालक अण्णा आले होते. त्यांना मी टॉर्च धरून दिला आणि न सांगता बरोबर जागी उजेड पाडला, एवढीच माझी पात्रता. "उद्यापास्नं दुकानात ये," म्हणाले. दाखला मागितला नाही, मार्क विचारले नाहीत. त्याबद्दल मी अजूनही त्यांचा इतका आभारी आहे, की त्यांना त्याचा रोज त्रास होतो. गिऱ्हाईकाचा कॉम्प्युटर घरून बिघडून आलेला असला तरी मी आधी माफी मागतो. अण्णा गल्ल्यावरून ओरडतात, "दिग्या, तुला पगार दुरुस्तीचा देतो का माफी मागायचा रं?"

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात आडवा बसवलेला एक हिरवट काळा पत्रा. पडद्यावरची चित्रं, खेळ, लग्नाचे व्हिडिओ, या सगळ्याची हमाली तो करतो. हमाली केली की तापतो. म्हणून त्याच्या चिपवर पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, ठोकळ्यावर पंखे. हे सगळं मिळून कूलर. कंपनीनं दिलेला कूलर बहुतेक वेळा कामापुरता असतो. ठोकळा लहान, पंखे लहान, मग बिचाऱ्यांना जोरात पळावं लागतं. लहान पंखा जोरात पळाला की किंचाळतो. यावर उपाय म्हणजे तो कूलर उतरवायचा आणि बाहेरून मोठ्या ठोकळ्याचा, मोठ्या पंख्यांचा कूलर आणून बसवायचा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढंच वारं देतो. ऐकायला सोपं आहे. बसवायला घेतलं की घाम फुटतो, निदान मला तरी.

शांत कूलर सगळ्यांनाच हवा असतो, असंही नाही. जुन्नरच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाला मी अगदी जीव ओतून एक शांत कूलर बसवून दिला. चौथ्या दिवशी वडील मशीन घेऊन दुकानात हजर. "पावणं, हे चालू हाय का बंद तेच कळंना. एवढं महागाचं आणलं आन् कुनाला ऐकू बी येत न्हाई?" मी माफी मागून जुना कूलर परत बसवला. आवाज सुरू झाल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं समाधान मी आजवर दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला देऊ शकलेलो नाही.

भोरबाईंचं उलट होतं. त्या घोडेगावच्या निवृत्त शिक्षिका. मुलगा संकेत लग्नाचे व्हिडिओ करतो. घरातला कॉम्प्युटर त्याचा, खोली एकच. बाई त्याच कॉम्प्युटरवर दहावीचे धडे वाचून रेकॉर्ड करायच्या. ते धडे सुवर्णा नावाच्या एका मुलीसाठी होते. सुवर्णा तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. अकराव्या वर्षी आजारपणात तिची दृष्टी गेली. ब्रेल उशिरा हातात आलं, त्यामुळे ती ऐकूनच शिकते. बाईंनी रेकॉर्ड केलेले धडे पेनड्राइव्हमध्ये भरून वर जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिले जायचे. सुवर्णाचा भाऊ ते फाट्यावर उतरवून घ्यायचा. घरामागच्या खडकावर उभं राहिलं की रेंज यायची, तिथून ती व्हॉइस मेसेज पाठवायची.

मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर चालणार नाही का, हा प्रश्न मीही विचारला होता. चाललं नसतं. बाईंच्या डोळ्यांना मोतीबिंदू. पुस्तकाची पानं पडद्यावर मोठी करून त्या वाचायच्या, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणं भागच. आणि मागे त्याच कॉम्प्युटरवर संकेतचं कुठलंतरी लग्न तयार होत असायचं, तासन् तास. तेव्हा कार्ड तापायचं, पंखे सुटायचे. सुवर्णाचा मेसेज आला, "बाई, धडा झ्याक हाय, पर तुमच्या मागं पिठाची गिरण चालू हाय का?"

म्हणून बाईंनी दुकानात फोन केला होता. आणि मी सांगितलं, वरून जाड काहीतरी टाका.

आठ-दहा दिवसांनी संकेतचा फोन. "दिगूभाऊ, मशीन चालू होतंय आन् पाच मिनिटांत आपोआप बंद पडतंय."

मी मंचरला गाडी बदलून घोडेगावला पोहोचलो. खोलीत शिरलो आणि पाय जागीच थांबले. कॅबिनेटवर गोधडी होती. साधी नाही, चार थरांची, कडेला लाल काठ, चारी बाजूंनी व्यवस्थित खोचलेली. थंडीत लेकराला झोपवावं तसं ते मशीन झोपवलं होतं. काय झालं असणार ते मला तिथंच कळलं. गोधडीनं वारं कोंडलं, कार्ड जास्त तापलं, पंखे जास्त जोरात पळाले, आवाज वाढला. आवाज वाढला म्हणून बाईंनी गोधडी आणखी घट्ट खोचली. असं आठवडाभर चाललं. शेवटी एका पंख्याची बेअरिंग गेली आणि तो अडकला. दुसरा एकटाच किती ओढणार.

संकेत आईवर चिडला. "आई, असलं कुणी करतं का गं? तुला सांगितलं कुणी हे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण, जास्त नाही. मग म्हणाल्या, "मलाच सुचलं."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर खाली वाकून कॅबिनेटचे स्क्रू काढायला लागलो आणि म्हणालो, "धूळ पण बरीच आहे." दिवसाला चाळीस वेळा माफी मागणारा माणूस मी. ज्या एकमेव वेळी खरोखर मागायची होती, त्या वेळी मला धूळ दिसली.

कार्ड जळालं नव्हतं, एवढं नशीब. मी एक साधा पंखा दोऱ्यानं बांधून दिला. मशीन चालू राहिलं, आवाज मात्र आधीच्या दुप्पट झाला. नवं कार्ड घ्यावं का, असं विचारल्यावर संकेतनं विषय बदलला. मग तो म्हणाला, "पुढच्या सोमवारपासून लग्नांची रांग हाय माझी. तवर हे गप झालं तर ठीक, नायतर मी मशीन मंचरला मित्राच्या स्टुडिओत हलवतो. आईच्या कानाला पण त्रास हाय ह्याचा."

मशीन मंचरला गेलं की बाईंचे धडे बंद. विज्ञानाचे सात धडे राहिले होते आणि परीक्षा महिन्यावर आली होती. बाई टेबलावरचे कागद तेवढे एकसारखे करत राहिल्या. मी जिना उतरताना हिशोब करत होतो. वडापाव खाता खाता बोललेल्या माझ्या एका वाक्यामुळे डोंगरावरची एक मुलगी सात धडे न ऐकता परीक्षेला बसणार होती.

कूलर निवडायची माझी एक पद्धत आहे. कार्डाच्या चिपभोवती चार भोकं असतात, त्यांतून कूलरचे स्क्रू जातात. प्रत्येक कार्डावर त्या भोकांमधलं अंतर वेगळं. हुशार माणसं कंपनीच्या तक्त्यात बघून अंतर मिलिमीटरमध्ये शोधतात. ते तक्ते इंग्रजीत असतात. मला येतं थोडंफार, पण बारीक अक्षरांची इंग्रजी पानं बघितली की मी पुन्हा नववीच्या बाकावर जाऊन बसतो आणि आता आपल्यालाच उठवणार असं वाटायला लागतं. म्हणून मी कार्डाच्या पाठीवर कागद ठेवतो आणि वरून पेन्सिल फिरवतो. लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो, तसा. भोकं, कडा, सगळं उमटतं. तो कागद घडी करून खिशात घालायचा आणि पुण्याला माल आणायला जायचं. तिथला व्यापारी मला बघितला की हसतो, "आले पत्रिका जुळवणारे." हसू दे. पत्रिका जुळते.

तो म्हणाला, असे सुटे कूलर आता फारसे येत नाहीत, लोक कार्डच बदलतात. तरी शोधून त्यानं दोन काढून दिले. जो बसणार नाही तो परत घ्यायचं कबूल केलं. एकाला तीन लहान पंखे होते आणि खोक्यावर छापलेला आवाजाचा आकडा सगळ्यात कमी. दुसऱ्याला पंजाएवढे दोन पंखे, आकडा त्याहून जरा जास्त. तिसरा मार्ग माझा मीच काढला. कार्डाचा मूळ ठोकळा तसाच ठेवायचा, वरचं प्लास्टिक काढून टाकायचं आणि कॅबिनेटचे दोन साधे पंखे पट्ट्यांनी बांधायचे. असंही करतात लोक.

माझं मत पक्कं होतं, पहिला. आकडा कमी आहे, म्हणजे आवाज कमी. पण ठरवायचं धाडस होईना. एकदा चुकलो होतो. बाईंना फोन करून म्हणालो, "बाई, मी तिन्ही पंख्यांचे आवाज पाठवतो. तुम्ही ऐका." बाई म्हणाल्या, "मी ऐकून काय करू? जिला ऐकायचंय तिलाच पाठव की."

दुपारी दुकान शांत असतं. मागच्या सामानाच्या खोलीत मी एकेक कूलर टेबलावर ठेवला, कार्ड तापल्यावर पंखे जेवढे फिरतील तेवढ्या वेगानं फिरवला आणि हातभर अंतरावर मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड केला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मग वाट बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. मागे खडकावरचा वारा आणि कुठंतरी गुरांच्या घंटा.

"भाऊ, एक नंबरचा आवाज बारीक हाय खरा, पर सुईवानी टोचतोय. कानाजवळ डास आल्यावर कसं, धडा राहतो बाजूला आन् ध्यान त्याच्याकडंच जातंय. तीन नंबरमधला एक पंखा लंगडतोय, घरघर करतो, थांबतो, परत करतो. दोन नंबर मोठा हाय, पर त्यो वाऱ्यावानी हाय, एकसारखा. आमच्याकडं वारं कायमच असतंय, ते कुनाला ऐकूच येत न्हाई. दोन नंबर घ्या." मग जरा थांबून, "आन् दोन नंबरमधी मागं कोन घोरत व्हतं?"

अण्णा. दुपारचे अण्णा. मी तो मेसेज त्यांना ऐकवला नाही. तीन नंबरचे पंखे उचलून कानाशी धरले तेव्हा त्यातला एक खरंच लंगडत होता. पंधरा वर्षं धंद्यात असून मला ते ऐकू आलं नव्हतं. मी खोक्यावरचा आकडा ऐकत होतो.

शनिवारी दोन नंबर घेऊन घोडेगावला गेलो. कूलर बदलताना दोन ठिकाणी माणूस मार खातो. एक म्हणजे चिपवर लावायची पेस्ट. वाटाण्याएवढी पुरे असते, पण मायेनं तूप वाढावं तसं वाढायचा मोह होतो. दुसरं म्हणजे स्क्रू. माझा हात क्रेटच्या दोऱ्या आवळून तयार झालेला. जास्त आवळलं तर चिपच तडकते. मी एकेक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा, आलटून पालटून, श्वास धरून आवळला. बाजूच्या लहान चिपांवरही छोटे ठोकळे चिकटवले, कारण त्याही तापतात आणि त्यांना सगळे विसरतात. भोकांवर भोकं अशी बसली, की व्यापाऱ्याला तिथूनच फोन करावा असं वाटलं.

कार्ड कॅबिनेटमध्ये बसवलं. बाजूचा पत्रा लावायला गेलो, तर लागेना. बोटभर बाहेर राहिला. कूलर जाड होता. छाप कागदावर घेतला होता आणि उंची कागदावर उमटत नसते. इतक्या वर्षांच्या पद्धतीत हे भोक होतं आणि ते सापडायला नेमका हाच दिवस मिळाला. मी पत्रा हातात धरून उभा राहिलो. तोंडून आपोआप आलं, "माफ करा."

"कशाबद्दल पण?" संकेत म्हणाला.

मग ते बाहेर पडलंच. पत्र्याबद्दल मागितलेली माफी मला मधेच थांबवता आली नाही, ती थेट गोधडीपर्यंत गेली. म्हणालो, "गोधडीचं बाईंना सुचलं नव्हतं. मी सांगितलं होतं. फोनवर. तुमचा पंखा माझ्यामुळे गेला."

संकेतनं माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. मग म्हणाला, "राव, तुमी मेकॅनिक का गादीवाले?"

बाई म्हणाल्या, "संकेत, त्याला आधी पाणी दे."

"अण्णांना कळलं तर..." मी म्हणालो.

"मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर एवढा घाम नसता आला," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "मी नाव घेतलं नाही ते तुला वाचवायला नाही. तुझं तुला सांगता यावं म्हणून. फार दिवस घेतलेस." मी ग्लासातलं पाणी एका दमात प्यालो. त्या दिवसापासून मी या बाईंना घाबरतोही आणि त्यांचा आभारीही आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असावं, हे शाळेत शिकायला मिळालं असतं बहुतेक.

पत्रा घेऊन संकेत आणि मी तहसील कचेरीकडच्या रस्त्यावरच्या ग्रिलवाल्याकडे गेलो. त्यानं पत्र्याला ताटाएवढी खिडकी पाडून दिली. खिडकी उघडी ठेवली तर धूळ जाणार, म्हणून परत आल्यावर बाईंनी आतून पिठाची जुनी चाळणी आणून दिली. तिची जाळी कापून आम्ही रिव्हेट केली. कूलर चाळणीतून थोडासा बाहेर डोकावत होता. दिसायला भयंकर. मी आजवर केलेल्या कामांपैकी याचा फोटो तेवढा दुकानात लावलेला नाही.

संकेतनं एक लग्न तयार करायला लावलं. कार्ड तापलं. आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. नुसतं वारं. एकसारखं. थोड्या वेळानं ते आहे हेही विसरायला झालं. बाईंनी माईक पुढे ओढला आणि विज्ञानाची दोन पानं वाचून तेवढाच तुकडा मोबाईलवरून वर पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

"बाई, गिरण बंद झाली! आता तुमी पान बदलताना माउस टिक् वाजतो ते बी ऐकू येतंय. पर तिथं तुमच्याजवळ एवढं मोठं उसासं कोन टाकतंय?"

खोलीत उसासे टाकणारा माणूस एकच होता. बाईंनी बोटानं दार दाखवलं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. दार ओढून घेतलेलं, फक्त खालून फट.

खरं तर तेव्हा निघायला हवं होतं, मंचरची गाडी होती. पण आत बाई वाचायला लागल्या आणि मी बसून राहिलो. उष्णतेचा धडा होता. एवढं सावकाश, एवढं नीट मला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. माझ्या शाळेत धडा पळायचा आणि मी मागे राहायचो. इथं बाई प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायच्या. आकृती आली की ती शब्दांत सांगायच्या, डावीकडे काय, उजवीकडे काय. कूलरमध्ये जे जे होतं, मी इतकी वर्षं हातानं करत आलो होतो, त्या सगळ्याला नावं होती. ठोकळ्याची पातळ पाती का करतात, हे मला पायरीवर कळलं. धडा संपला. बाईंनी उजळणीचे प्रश्न घेतले. प्रत्येक प्रश्नानंतर सुवर्णाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्या थांबायच्या आणि मग उत्तर वाचायच्या.

"प्रश्न पाचवा. पुढीलपैकी उष्णतेचा सर्वांत चांगला वाहक कोणता? लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, चांदी."

आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा प्रश्न असा आला होता, की हात वर करावासा वाटला. प्रत्येक चांगल्या कूलरच्या पोटातल्या लालसर नळ्या मी या हातांनी पुसलेल्या. "तांबं," मी म्हणालो. हळूच, स्वतःशीच, आनंदानं. बाईंचं उत्तर ऐकायला थांबलो नाही, पुढच्या गाडीसाठी उठलो.

पुढच्या सोमवारी मशीन घोडेगावलाच राहिलं. सातही धडे दोन आठवड्यांत वर गेले. सगळे पोहोचल्याचा सुवर्णाचा मेसेज बाईंनी मला पाठवला. तिनं बाईंचे आभार मानले होते, कंडक्टरचे मानले होते, माझे मानले होते आणि शेवटी म्हटलं होतं, "पायरीवरच्या भाऊंना सांगा, तांबं न्हाई, चांदी."

मी बाईंना लगेच फोन केला. माफी मागितली. तेवढा शब्द कापून टाका म्हणालो, संकेत एका मिनिटात करेल. बाजारात चांदीचा कूलर कुणी विकत नाही, त्यामुळे माझी चूक तशी समजण्यासारखी आहे, असंही सांगून बघितलं.

"काही कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुझं चुकलेलं ऐकलं, म्हणून तिला ते पक्कं लक्षात राहिलं."

सुवर्णा पास होऊन पुढं गेली. ते धडे आता बाई आणखी दोन मुलांना पाठवतात. म्हणजे उष्णतेच्या धड्यात, पाचव्या प्रश्नानंतर, दरवाजाच्या फटीतून मी यंदाही चुकतो आहे.